पाकट, पाकीट आणि मुळशी

माणसाच्या हातात चार पैसे जास्त आले की त्याला पहिल्यांदा डोंगर दिसायला लागतात. पंचवीस वर्षं ज्याला सिंहगड फक्त कांदाभज्यांसाठी ठाऊक असतो, तो एकाएकी ‘निसर्ग, निसर्ग’ करायला लागतो. मग मुळशीला जागा घेतली जाते. जागेवर बंगला उठतो. बंगल्याला ‘विसावा’ किंवा ‘निवांत’ असं नाव मिळतं आणि हप्ते सुरू झाल्यामुळे मालकाचा विसावा आणि निवांतपणा त्याच दिवशी संपतो. बंगल्याला भिंतभर काचेची खिडकी असते. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. आणि एवढं सगळं झाल्यावर त्या खिडकीकडे पाठ करून दिवाणखान्यात आणखी एक काचेची पेटी बसवली जाते. हिला फिशटँक म्हणतात. बाहेर पाणी, आत पाणी, आणि मधे सोफा.

इथपर्यंत माझी काही हरकत नाही. ज्याचा बंगला त्याचा सोफा. माझी हरकत सुरू होते ती त्या पेटीत कोण बसलंय हे पाहिल्यावर. पूर्वी लोक गोल्डफिश ठेवत. मग घरात लक्ष्मी नांदावी म्हणून ॲरोवाना आला. आता काही बंगल्यांतून गोड्या पाण्यातलं पाकट आलं आहे. माझा मुद्दा पहिल्यालाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं पान उलटावं: हे पाकट मुळशीला आणू नये. आणलंच असेल तर धरणात सोडू नये. आणि ते का, हे सांगायला मला उरलेली पानं लागणार आहेत.

पाकट म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. थाळीसारखं चपटं अंग, मागे चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर काटा. समुद्रातलं पाकट बाजारात येतं, सुकवून ठेवलं जातं, पावसाळ्यात कालवणात पडतं आणि त्या घरावरून जाणाऱ्या घाटावरच्या माणसाला नाकाला रुमाल लावायला भाग पाडतं. पण मी म्हणतो ते पाकट समुद्रातलं नव्हे. ते दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधलं. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना ही त्याची गावं. शास्त्रज्ञ त्याला पोटॅमोट्रायगॉन म्हणतात. हे नाव चेकवर लिहायची वेळ आली तर जागा पुरणार नाही. दुकानदार आपला सुटसुटीत ‘मोटोरो’ म्हणतो आणि किंमत सांगताना आवाज खाली आणतो. पाकट आणि पाकीट ह्यांत एका वेलांटीचा फरक आहे, आणि ती वेलांटी दुकानदाराकडेच राहते.

आमच्या साडूंकडे अशी दोन पाकटं आहेत. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेव्हा नात्यानं ते मोठे, पगारानं त्याहून मोठे, आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. त्यांच्याशी मी उघड वाद घालू शकत नाही. घातला तर घरी त्याचं व्याज भरावं लागतं. म्हणून हा लेख. तो ते वाचणार नाहीत ह्याची मला खात्री आहे, कारण मागची दोन पुस्तकं मीच त्यांना सप्रेम भेट दिली होती.

आधी त्या प्राण्याची बाजू मांडतो, कारण ह्या खटल्यात त्याला कोणी वकील दिलेला नाही.

ह्या पाकटांचे पूर्वज समुद्रातले. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांची नदीत बदली झाली. आम्हा बँकवाल्यांना बदली म्हणजे काय ते विचारा! माणूस नव्या गावी पोचायच्या आत परत येण्याचा अर्ज टाईप करून ठेवतो. पण ही जमात बदलीच्या जागी इतकी रुळली की तिनं अर्जच फाडून टाकला. त्याचं असं आहे, की शार्क आणि समुद्रातली पाकटं आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात. समुद्राचं खारं पाणी अंगातलं पाणी ओढून नेतं, ते नेऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. नदीत ह्या तजविजीची गरज उरली नाही. म्हणून नदीतल्या पाकटांनी युरियाचं खातंच बंद केलं, आणि जादा मीठ बाहेर टाकणारी त्यांची ग्रंथीही आखडून गेली. आता त्यांना हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय लावत नेलं तरी ती जुनी युक्ती त्यांना साधत नाही. परतीचा रस्ता बंद. नदी हेच घर.

ह्यांना हाडं नाहीत. सगळा सांगाडा आपल्या कानाच्या पाळीसारखा कूर्चेचा. डोळे वर, तोंड खाली. त्यामुळे आपण काय खातोय हे त्याला दिसत नाही, आणि हा गुण त्याला हॉटेलात जेवणाऱ्या सर्व मध्यमवर्गीयांच्या जवळ आणतो. दिवसाचा बराच वेळ ते वाळूत अंग पुरून पडून राहतं. वाळूत पुरलेलं असताना तोंडानं श्वास घेतला तर वाळू आत जाईल, म्हणून डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात. वरचं स्वच्छ पाणी त्यांतून आत घ्यायचं आणि पोटाखालच्या कल्ल्यांतून बाहेर सोडायचं. किडे, अळ्या, कोळंबी, खेकडे, लहान मासे हा आहार. तोही गिळत नाही, चावतं! २०१६ साली शास्त्रज्ञांनी मोटोरोच्या जेवणाचं चित्रीकरण करून दाखवलं की ते जबडा आडवा फिरवून किड्याचं कडक कवच दळतं, जवळजवळ आपण भाकरी चावतो तसं. एक घास बत्तीस वेळा चावावा हे आजीनं सांगितलेलं आमच्या घरात कोणी ऐकलं नाही. ॲमेझॉनमध्ये ऐकलेलं दिसतं.

मासे म्हटले की आपल्याला हजारोंनी अंडी आठवतात. पाकटाचा संसार असा नाही. आई पिल्लांना काही महिने पोटात वाढवते आणि गर्भाशयातच दुधासारखा एक रस पाजते. पिल्लं जन्मतात ती आईबापांची छोटी आवृत्ती होऊन, काटा घेऊनच. आणि जन्मतात ती थोडी. म्हणजे ज्या नदीतून भराभर पाकटं उचलली, तिथे ती भराभर परत येत नाहीत. ब्राझीलच्या शिंगू नदीतलं काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं पाकट, जे फिशटँकवाल्यांचं सगळ्यांत लाडकं, त्याचं घर त्या एकाच नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणून २०२२ साली पनामात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वन्यजीवांच्या व्यापाराला लगाम घालणाऱ्या करारात ह्या कुळातल्या सात जाती अधिक कडक यादीत घेतल्या गेल्या. आपल्याकडेही त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या कराराच्या यादीतला परदेशी प्राणी घरी ठेवणाऱ्यानं त्याची सरकारदरबारी नोंद करावी असं ठरलं. साडूंना मी नोंदीबद्दल विचारलं. ते म्हणाले, “अहो, तुमच्या बँकेत खातं उघडायला निघालोय का मी?”

आता काटा. लोकांची समजूत अशी की पाकट विंचवासारखं धावून येऊन डंख मारतं. ते इतकं उद्योगी नाही. वाळूत पडलेल्या पाकटावर कोणी पाय दिला, तरच त्याची शेपटी वर उसळते. काट्याला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते असतात आणि त्यावरच्या त्वचेत विष असतं. काटा आत जाताना जितकं फाडतो त्याहून बाहेर येताना जास्त फाडतो. हा प्रकार कर्ज घेतलेल्यांना समजावून सांगायला नको. जखम अतोनात दुखते, पुष्कळदा चिघळते आणि भरून यायला वेळ लावते. म्हणून त्या मुलखातली माणसं उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकत नाहीत. वाळूत पाय घासत चालतात, म्हणजे पाकट आधीच बाजूला सरकतं. तिथे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समजूतदारपणा आहे. मुळशीला तो कोणी कुणाला शिकवलेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

असा हा प्राणी. मला तो आवडतो. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही, त्याला आणणाऱ्यांविरुद्ध आहे. आणि आणणाऱ्यांचे मुद्दे मला पाठ आहेत, कारण हिच्या माहेरच्या प्रत्येक कार्यात मला पंक्तीत साडूंच्या शेजारीच बसवतात.

मुद्दा पहिला: “आम्ही त्याला राजासारखं ठेवतो.” ठेवत असाल. पण हा राजा थाळीसारखा वाढत जातो. मोटोरोची थाळी अर्ध्या मीटरपर्यंत रुंद होते. पेटी वाढत नाही. नदीत जो प्राणी पावसात बुडालेल्या रानापर्यंत फिरून येतो, तो इथे चार पावलांवर काचेला नाक लावून परत फिरतो. शिवाय तो खातो भरपूर, आणि खाल्लेलं बाहेर पडतं त्याचा अमोनिया होतो. नदी तो वाहून नेते. पेटीत तो पाणी गाळणाऱ्या यंत्रानं काढायचा. यंत्र विजेवर. आणि मुळशी खोऱ्यात आषाढाच्या पावसात वीज किती वेळ असते हे ज्यांनी तिथे शनिवार-रविवार काढलेत त्यांना माहीत आहे. गंमत बघा: ह्या धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला जातं, तिथे १९२७ पासून त्याची वीज होते, ती मुंबईला जाते, आणि धरणाच्या काठावरचं पाकट वीज गेली म्हणून गुदमरतं.

साडू स्वतः तिथे दर शनिवारी जातात. म्हणजे दर शनिवारी जायचं ठरवतात. उरलेले दिवस पाकटांना सांभाळतात ते बंगल्याचे राखणदार मामा. माणूस तिथलाच, सत्तरीकडे झुकलेला. मी गेलो होतो तेव्हा ते पेटीसमोर कोळंबीची वाटी घेऊन काळजीत उभे होते. मला म्हणाले, “सायेब, ह्ये धाकलं ताट कालधरनं जेवलं न्हाय.” ताटालाच जेवायला घालायची पाळी ज्याच्यावर आली, त्याच्या नोकरीला काय म्हणावं? मी विचारलं, “मामा, तुमचं गाव कोणतं?” त्यांनी त्या भिंतभर खिडकीतून पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. “त्ये काय, तिथं. आज्याचं घर तिथं व्हतं.”

ते बोट मला जरा जास्तच टोचलं. ज्या पाण्याकडे आपण ‘लेक व्ह्यू’ म्हणून बघतो, त्याच्या तळाशी लोकांचे उंबरे आहेत. टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं बुडणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते ह्याच लढ्यामुळे. लढा हरला, धरण झालं. बंगाल उपसागराकडे निघालेलं मुळेचं पाणी वळवून अरबी समुद्राकडे पाठवलं गेलं. म्हणजे त्या खोऱ्यातल्या माणसांच्या घरात न विचारता शिरलेला पहिला पाहुणा म्हणजे पाणी. दुसरे आपण, बंगलेवाले आणि आमच्यासारखे बंगलेवाल्यांचे नातेवाईक. आता तिसरा पाहुणा पाठवायचा, तोही शेपटीला करवत बांधून, म्हणजे आतिथ्याची परीक्षा किती घ्यायची?

इथे साडूंचा मुद्दा दुसरा येतो: “पेटीतला मासा धरणात कशाला जाईल?” जातो. पायानं जात नाही, बादलीतून जातो. हौस साधारण दोन वर्षं टिकते. मग पाकट मोठं होतं, कोळंबीचा खर्च वाढतो, मुलगा शिकायला परदेशी जातो, बंगला भाड्यानं द्यायचा ठरतो. माशाला मारायला हात धजत नाही, कारण आपण सुसंस्कृत. विकत कोणी घेत नाही, कारण पाकीट सगळ्यांचंच पातळ. मग एका संध्याकाळी कोणाला तरी भूतदयेचा उमाळा येतो. बादली काठापर्यंत जाते आणि “जा बाबा, मोकळा हो” असं म्हणून रिकामी होते. पुण्य जमा, मासा नावे. आमच्याकडे अशा नोंदीला बुडीत खातं म्हणतात. फक्त इथे बुडतं ते दुसऱ्याचं.

हा माझ्या मनाचा खेळ समजू नका. सिंगापुरात रस्त्यावर कागद टाकला तरी दंड होतो. त्या शिस्तशीर शहराच्या अपर सेलेटार जलाशयात ह्याच मोटोरो पाकटानं बिऱ्हाड थाटलं, पिल्लं घातली. दक्षिण अमेरिकेतून ते पोहत आलं नव्हतं; कोणाच्या तरी पेटीतून आलं होतं. आपल्याकडे २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा मगरीच्या तोंडाचा अमेरिकन मासा सापडला. तोही शिकारा भाड्यानं घेऊन आला नसणार. केरळात २०१८ च्या पुरात परदेशी मासे तळ्यांतून आणि टाक्यांतून थेट नद्यांत गेले. तेव्हा ‘आमचा टँक पक्का आहे’ हे आश्वासन पावसाला ऐकू येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

धरणाचा आणि पाकटाचा संबंध तर त्याहून जुना आहे, आणि तो मला ब्राझीलच्या गोष्टीत सापडला. पाराना नदीवर सेते केदास नावाचे प्रचंड धबधबे होते. नदीच्या खालच्या भागातल्या पाकटांना ते चढून जाता येत नसे. निसर्गानंच घातलेला उंबरठा. १९८२ साली इताइपूचं धरण भरलं आणि ते धबधबे पाण्याखाली गेले. उंबरठाच बुडाला! पाकटं वर सरकली. पुढे जहाजांसाठी केलेल्या पाण्याच्या जिन्यांमधून आणखी वर गेली. आणि वरच्या गावांतल्या कोळ्यांना, ज्यांच्या बापजाद्यांनी असला काटा पाहिला नव्हता, तो पायात घेऊन दवाखाने गाठायची वेळ आली. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरच्या पायाला काटा लागल्याचं ऐकिवात नाही.

आता ते मघाचं वाक्य. मुळशीच्या काठावर पाण्यात कोण उतरतं? साडू उतरत नाहीत. ते गॅलरीत उभे राहून पाण्याकडे बघत चहा पितात. उतरतात ती मासे धरणारी कातकरी माणसं, गुरं धुणारी पोरं, धुणं धुणाऱ्या बायका. अनवाणी. वाळूत पाय घासत चालायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची वेळ का यावी? हौस गॅलरीतली आणि काटा घाटावरच्या पायात, असा हा हिशेब आहे. मी आयुष्यभर हिशेबच तपासत आलो, पण जमा एकाच्या आणि खर्च दुसऱ्याच्या नावे टाकलेलं असं सरळसरळ पान क्वचित पाहिलं.

मुद्दा तिसरा जरा कावेबाज आहे. “पाकट इथल्या थंडीत जगणारच नाही, मग भीती कसली?” समजा, नाही जगलं. मग ज्याला राजासारखं ठेवलं त्याला मरायला सोडलं, एवढाच अर्थ राहतो. आणि जगलं तर वरचा सगळा प्रकार. नाणेफेकीत दोन्ही बाजूंनी आपणच हरणार असू तर नाणं उडवायचं कशाला? शिवाय ‘इथे जगणार नाही’ हे आपण कुणाकुणाबद्दल म्हणालो होतो? तिलापिया हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला. आज उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात, ताटात वाढतात आणि तो परदेशचा आहे हे सांगितलं तर ढाबेवाला आपल्याकडेच संशयानं बघतो. आफ्रिकन मांगूर इतका खादाड निघाला की केंद्र सरकारला २००० साली त्याच्यावर बंदी घालावी लागली. तरी तो चोरून पाळला जातो आणि अधूनमधून टनांनी पकडून पुरला जातो. आणायला एक पिशवी पुरते, घालवायला सरकार पुरत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुमचं हे स्वदेशीचं सोवळं आहे. नाही हो! आपला मासा परगावी गेला तरी तेवढाच उपद्रव करतो, ह्याचा पुरावा मीच देतो, आणि तो मुळा-मुठेतलाच आहे.

१८३९ साली कर्नल साईक्स ह्या साहेबानं दख्खनच्या माशांवर निबंध छापला. हे गृहस्थ मुंबई सरकारचे आकडेवारी गोळा करणारे अधिकारी, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. आकडे गोळा करता करता त्यांनी मासेही गोळा केले. पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत त्यांना एक मोठ्या खवल्यांचा देखणा मासा मिळाला. साहेबानं त्याला राणीचं किंवा गव्हर्नराचं नाव दिलं नाही; इथल्या माणसांच्या तोंडचं नाव कानाला लागलं तसं लिहिलं: खुद्री. हाच आपला दख्खनचा महासीर. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याला ‘टोर खुद्री’ म्हणतात. मळ्या, शिंगटी, नुकटा हीसुद्धा आपली नावं साहेबानं अशीच लॅटिनच्या पंक्तीला बसवली.

पुढे खुद्रीचे दिवस फिरले. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्याच केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. १९७० च्या दशकापासून लाखोंनी पिल्लं वाढवली गेली. धरण बांधणाऱ्यांनी मासा वाचवायलाही हात लावला हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण त्यांतली काही पिल्लं कावेरीत सोडली गेली. हेतू उत्तम. परिणाम असा की कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महासीर, जगात दुसरीकडे कुठे नसलेला, मागे हटत गेला आणि खुद्री तिथे मालक होऊन बसला. आज कावेरीचा तो मासा नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. आपला मुळा-मुठेचा गुणी मुलगा परक्या घरी गेला आणि घरजावई होऊन सासऱ्यालाच बाहेर काढता झाला. तेव्हा प्रश्न देशी-परदेशीचा नाही. प्रश्न एवढाच, की जी नदी ज्यानं लाखो वर्षं सांभाळली त्याला न विचारता दुसरा भाडेकरू आत घालायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

साडूंना मी एकदा विचारलं, “साडूभाऊ, खुद्री मासा पाहिलात का कधी?” ते म्हणाले, “कुठल्या देशातला?” मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी पडदा ओढून घेतला, कारण उन्हाची तिरीप पाकटांच्या पेटीवर पडत होती.

कुणाला मोठे मासे डोळे भरून बघायचेच असतील तर काचेची गरज नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महासीर वरदायिनी देवीचे समजले जातात. कोणी त्यांना धरत नाही. लोक मूठभर खाऊ टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. ना यंत्र, ना वीज, ना हप्ता. देवीनं एका डोहापुरतं जे सांभाळलंय तेवढं आपल्याला एका धरणापुरतं का जमू नये?

आणि पाकटच बघायचं असेल तर तेही त्याच्या घरी बघावं. २०२२ च्या जून महिन्यात कंबोडियात मेकाँग नदीत कोळ्यांच्या गळाला एक पाकट लागलं. वजन तीनशे किलो, लांबी जवळजवळ चार मीटर. गोड्या पाण्यातला आजवर वजन झालेला सगळ्यांत जड मासा! त्याचं त्यांनी काय केलं? शास्त्रज्ञांना कळवलं. कोळ्याला बाजारभावानं पैसे मिळाले, पाकटाच्या अंगावर माग ठेवणारं एक छोटं यंत्र बसवलं गेलं, आणि त्याला ‘बोरामी’ म्हणजे पौर्णिमा असं नाव देऊन नदीत परत सोडलं. ज्या नदीतून आलं त्याच नदीत. ‘सोडणं’ ह्या शब्दाला मी फक्त तिथे टाळ्या वाजवीन.

तेव्हा माझ्या मागण्या अगदी माफक आहेत. एक: ज्याला पाकट हवं त्याची आणि पाकटाची, दोघांचीही ओळखपत्रं तपासावीत. साधं बचत खातं उघडायला आम्ही माणसाकडून फोटो, पत्ता, पॅन, आधार मागतो. जन्मभर काटा बाळगणाऱ्या परदेशी पाहुण्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानाबाहेर देताना कोणी काही विचारायचं नाही? दोन: विकणाऱ्यानं परत घेण्याची हमी लिहून द्यावी. टी.व्ही.ची देतात, माशाची का नाही? तीन: पाळणाऱ्याचा कंटाळा आला तर बादली उचलण्याआधी त्यानं मत्स्यव्यवसाय खात्याला फोन करावा. खातं काय करील ते करील, निदान फोन लागेपर्यंत पाकट पेटीत तरी राहील. आणि चार: मुळशीला बंगला घेणाऱ्या प्रत्येकाला जागेच्या कागदांबरोबर धरणातल्या माशांच्या नावांचा एक कागद द्यावा. मासे ओळखता आले नाहीत तरी चालेल. आपल्या आधी इथे कोण राहत होतं एवढं कळलं तरी पुरे.

हे सगळं मी राखणदार मामांनाही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “सायेब, ते सगळं खरं. पर मला कुनी बादली घिऊन जा म्हनलं, तर मी जानार न्हाय. त्या पान्यात आमचं देऊळ हाय.”

एवढ्या एका वाक्यात माझे सगळे मुद्दे आले. बँकेत असतो तर मी त्याच्याखाली सही करून शिक्का मारला असता.